आठ आणे ठेवायचे की काढायचे?

दोस्तांनो, देवळ्याच्या बाजारात कोथिंबीर घेताना पन्नास पैशांचं नाणं पुढे करून बघा. भाजीवाली मावशी हसेल आणि म्हणेल, “हे कुठं चालतंय आता?” पण गंमत अशी, की कायद्याने ते चालतं! २०११ च्या नाणे कायद्यानुसार आठ आण्यांची नाणी देऊन दहा रुपयांपर्यंतची रक्कम भागवता येते. म्हणजे एका वेळी वीसच नाणी बरं का, पोतंभर नाही.

३० जून २०११ पासून चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी बाद झाली. चौकोनी पाच पैसे, षटकोनी वीस पैसे आजीच्या डब्यात अजून सापडतील. उरले एकटे आठ आणे. (खरं तर ‘आणे’ १९५७ सालीच गेले, रुपयाचे शंभर पैसे झाले तेव्हा. आपली जीभ मात्र ऐकत नाही!)

मग हेही नाणं काढून टाकावं का? कॅनडाने २०१३ पासून एक सेंटचं नाणं वाटणं थांबवलं. तिथे रोख पैसे देताना शेवटची बेरीज जवळच्या पाच सेंटवर आणतात, कधी वर, कधी खाली. आपल्याकडे साडेनऊचे सरळ दहा होतात, नाहीतर हातात गोळी पडते. साडेनऊ तर बरोबर मध्यावर! मग ते आठ आणे कोणाचे? माझ्या मते गिऱ्हाइकाचे. नाणं खुशाल काढा, पण आधी तसा नियम करा. तुमच्या घरच्यांना काय वाटतं, विचारा बरं!