तौक्ते : मेमधला पावसाळा

१७ मे २०२१. ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याला न शिवता अरबी समुद्रातूनच उत्तरेकडे गेलं आणि त्या रात्री गुजरातेत उन्याजवळ जमिनीवर चढलं. तरीही १८ मेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझ वेधशाळेत २३० मिमी पाऊस नोंदला गेला, मे महिन्यातला विक्रम! कुलाब्यात वाऱ्याचा झोत ताशी ११४ किमीवर पोहोचला. उपनगरांत झाडं कोसळली, विमानतळ काही तास बंद राहिला. करोनाची दुसरी लाट सुरू होती, त्यामुळे मुलुंड, दहिसर आणि बीकेसीच्या जम्बो कोविड केंद्रांतले ५८० रुग्ण पालिकेने आधीच इतरत्र हलवले होते. हे काम वेळेवर झालं, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

वर्सोवा, मढ, मनोरीच्या कोळीवाड्यांना मे म्हणजे मासेमारीबंदीआधीची शेवटची कमाई. पावसाळ्याची बेगमी म्हणून बोंबील-सुकट वाळवायचे दिवसही हेच. वादळाने दोन्हींवर पाणी फिरवलं.

सर्वांत मोठी जीवितहानी मात्र भर समुद्रात झाली : बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ ‘पी-३०५’ तराफा बुडाला आणि त्यावरचे सत्तरहून अधिक कामगार-कर्मचारी दगावले.