कुंडीतील अनुभव आणि हवामानाचे शास्त्र

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस पुण्यातील एका हौशी बागवान मंडळाच्या बैठकीस हजर राहण्याचा योग आला. मंडळाचे सभासद बहुतेक निवृत्त नोकरदार व गृहिणी. कोणाची गच्चीवर कुंड्यांची बाग, तर कोणाची घरामागे चार वाफ्यांची परसबाग. मंडळाची स्वतःची एक लहानशी लागवड-पत्रिका आहे. कोणते बी कोणत्या आठवड्यात पेरावे, गुलाबाची छाटणी केव्हा करावी, शेवंतीचे फुटवे केव्हा लावावेत, हे तीत तारखांनिशी दिलेले असते. नवीन सभासद तिच्याच आधाराने बाग करावयास शिकतात. ही पत्रिका सुमारे चाळीस वर्षांपूर्वी तयार झाली. तिची नवी आवृत्ती काढावयाची होती आणि जुन्या तारखा ठेवाव्यात की बदलाव्यात, ह्यावरून मंडळात दोन तट पडले होते. निवाडा करण्यासाठी कृषी खात्याचा माणूस म्हणून मला बोलाविले होते.

एका बाजूचे म्हणणे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मांडले. ते म्हणाले, “साहेब, पुण्यात ३० एप्रिल १८९७ रोजी ४३.३ अंश तापमान नोंदले गेले आहे. तेव्हा शहरात मोटारी कोठे होत्या? हवा आजवर बदलत आली आहे व पुढेही बदलेल. शास्त्रज्ञांत तरी ह्याविषयी कोठे एकमत आहे? तारखा बदलू नयेत.” दुसऱ्या बाजूस एक ज्येष्ठ भगिनी होत्या. दोन उन्हाळे त्यांच्या गच्चीवरील टोमॅटोची फुले गळून पडली होती व पिंपातील आंब्यास मोहोर आला नव्हता. त्या म्हणाल्या, “सर जुनी आकडेवारी सांगतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले सांगते. हा हवामानबदलच आहे. जुनी पत्रिका फाडून टाकावी.” शब्दाने शब्द वाढला, राजीनाम्याची भाषा झाली आणि पत्रिकेचे काम अडून राहिले. त्या वर्षी मंडळात आलेल्या दहाबारा नव्या सभासदांना पेरणी केव्हा करावी हे सांगावयास कोणीच उरले नाही.

दोघांनीही सांगितलेल्या गोष्टी खऱ्या होत्या. परंतु त्यांवरून दोघांनी काढलेला निष्कर्ष घाईचा होता. असा वाद आज अनेक बागवानांत होत असल्याने त्याचा येथे सविस्तर विचार करणे उपयुक्त ठरेल.

एक दिवस आणि तीस वर्षे

आजचे ऊन, उद्याचा पाऊस, ह्या आठवड्याची थंडी ह्यांस आपण हवा म्हणतो. हवामान म्हणजे अशा अनेक वर्षांच्या नोंदींची सरासरी व तिच्याभोवतीचे चढउतार. त्यासाठी सामान्यतः तीस वर्षांचा काळ धरण्याची पद्धत आहे. मुख्याध्यापकांनी सांगितलेला १८९७ चा आकडा बरोबर आहे. परंतु त्याच पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. पहिल्या आकड्यावरून तापमान वाढत नाही असे सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यावरून ते वाढले आहे असेही सिद्ध होत नाही. एका दाण्यावरून खळ्याचा उतारा ठरत नाही, त्यातलाच हा प्रकार होय.

खळे मोजावयाचे तर सर्व वर्षे घ्यावी लागतात. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेला व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल ह्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. १९०१ ते २०१८ ह्या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले, असे त्यात नमूद आहे. भारतीय हवामान विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. ०.७ हा आकडा दिसावयास लहान आहे. परंतु तो एका दिवसाचा नसून साऱ्या देशाच्या साऱ्या वर्षाचा आहे. सरासरी थोडीशी सरकली तरी अतिउष्ण दिवसांची संख्या बरीच वाढते, हे ध्यानात घ्यावे.

ढगाळ रात्रीची साक्ष

ही वाढ कशामुळे, हे समजण्यास प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. हिवाळ्यात आकाश निरभ्र असले की पहाटे कडाका पडतो व पानांवर दव साचते. ढगाळ रात्री तितकी थंडी पडत नाही, हा प्रत्येक बागवानाचा अनुभव आहे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशात सोडते. ढग व हवेतील बाष्प त्या किरणांपैकी काही शोषून पुन्हा खाली पाठवितात. कर्बाम्ल वायू, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, हेच कार्य करतो. भेद इतकाच की, ढग येतो आणि जातो. ह्या वायूचा बराच भाग मात्र हवेत शतकानुशतके टिकून राहतो.

कारखानदारीच्या युगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत ह्या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा ते सुमारे ३१५ भरले. २०२४ मध्ये तेथील वार्षिक सरासरी ४२० च्या वर गेली. दगडी कोळसा व खनिज तेल ह्यांतील कर्बाची घडण वेगळी ओळखता येते आणि हवेतील कर्बात तीच खूण वाढत चालली आहे. म्हणजे ही भर कोठून आली, ह्याचाही माग लागलेला आहे.

एकमत म्हणजे काय?

शास्त्रज्ञांचे एकमत म्हणजे सभेत हात वर करून केलेला ठराव नव्हे. निरनिराळ्या देशांतील माणसांनी, निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या साधनांनी केलेली तपासणी एकाच उत्तराकडे येऊन मिळते, तेव्हा शास्त्रात एकमत झाले असे म्हणतात. अमेरिकेतील युनिस फूट ह्या विदुषीने १८५६ मध्ये काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेविल्या. कर्बाम्ल वायूची नळी सर्वांत अधिक तापल्याचे तिला आढळले. जॉन टिंडल ह्याने १८५९ पासून हे वायू उष्णतेचे किरण कसे शोषतात, ते मोजले. स्वीडनमधील स्वांते अऱ्हेनियस ह्याने १८९६ मध्ये हा वायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल, ह्याचे गणित मांडले. म्हणजे मुख्याध्यापकांनी सांगितलेल्या त्या उष्ण दिवसाच्या आदल्याच वर्षी हे गणित छापून झाले होते!

सूर्यच अधिक तापला असेल, ही शंकाही तपासून झाली आहे. १९७८ पासून उपग्रहांवरून सूर्याच्या उष्णतेचे मापन चालू आहे; तीत ह्या तापमानवाढीस पुरेल अशी वाढ आढळत नाही. शिवाय सूर्य कारण असता तर वातावरणाचे खालचे व वरचे असे दोन्ही थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत असून वरचा थंड होत आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आंतरशासकीय हवामानबदल मंडळाने सर्व संशोधनाचा आढावा घेऊन २०२१ च्या अहवालात, मानवी कृतींमुळे पृथ्वी तापली आहे हे निःसंदिग्ध आहे, असा निर्वाळा दिला.

मग मतभेद कोठे आहेत? एखाद्या जिल्ह्यात पाऊस किती बदलेल, कोणत्या दशकात किती अंश वाढ होईल, ह्यांसारख्या प्रश्नांवर अद्याप चर्चा चालू आहे. टोमॅटोस नत्र किती द्यावे ह्याविषयी दोन कृषितज्ज्ञांत मतभेद होऊ शकतो. परंतु टोमॅटोस नत्र लागतच नाही, असे त्यांपैकी कोणी म्हणत नाही. तपशिलातील मतभेद हा मूळ सिद्धांतावरील मतभेद समजू नये.

“कर्बाम्ल वायू तर झाडांचे खाद्य, तो वाढला तर बिघडले कोठे?” असेही बैठकीत एकाने विचारले. भात, गहू व बहुतेक भाज्या ह्यांची वाढ ह्या वायूने काही अंशी जोमाने होते, हे खरे. ज्वारी व मक्याला त्याचा लाभ फारसा होत नाही. तसेच अधिक वायूत वाढलेल्या भात-गव्हाच्या दाण्यांत प्रथिने, जस्त व लोह कमी भरल्याचे प्रयोगांत आढळले आहे. उष्णता व पाण्याची टंचाई ह्यांमुळे होणारी हानी वेगळीच.

सारे खापर हवामानावर फोडू नये

बैठकीनंतर त्या भगिनींच्या विनंतीवरून मी त्यांची गच्ची पाहावयास गेलो. काळ्या रंगाची पिंपे पश्चिमेच्या भिंतीला लागून सिमेंटच्या स्लॅबवर थेट ठेविलेली होती. टोमॅटोची रोपे फेब्रुवारीच्या अखेरीस लाविली असल्याने ऐन एप्रिलमध्ये फुलावर येत होती. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या वर व रात्रीचे २१-२२ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात व फुले गळतात. पुण्याचा एप्रिल पूर्वीही टोमॅटोस मानवणारा नव्हता. आंब्याच्या पिंपात शेणखत व युरिया ह्यांचा मारा इतका झाला होता की, झाड पालवीतच गुंतून राहिले होते. शहरातील काँक्रीट रात्री उष्णता सोडत राहते, तोही भाग होताच. पृथ्वीच्या तापमानवाढीने ह्यात भर घातली असेल. परंतु ती किती, हे एका पिंपावरून सांगता येत नाही.

हे लिहिताना माझी स्वतःची चूक कबूल करणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी एका गृहस्थांचे कागदी लिंबाचे झाड कुंडीत वाळू लागले, तेव्हा कुंडी न तपासताच मी “हवामान बदलले आहे” असे सांगून मोकळा झालो. पुढे झाड उपटल्यावर दिसले की, कुंडीचे भोक बुजून मुळे कुजली होती. खरे कारण शोधण्याचा कंटाळा केला, की मोठे कारण हाताशी सोयीचे असते. ह्यामुळे झाड तर जातेच, शिवाय पुढे खऱ्या हवामानबदलाविषयी सांगितलेले कोणी ऐकत नाही.

ह्या बाबतीत अमेरिकेच्या कृषी खात्याचे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. हिवाळ्यात किती थंडी पडते, त्यानुसार देशाचे विभाग पाडणारा नकाशा ते खाते बागवानांसाठी प्रसिद्ध करते. २०२३ च्या नकाशात जवळजवळ अर्धा देश आधीच्या २०१२ च्या नकाशापेक्षा अर्ध्या विभागाने उष्ण बाजूस सरकला. तेथील बागवानांतही ह्यावरून वाद झाले. परंतु हा नकाशा वर्षातील केवळ सर्वांत थंड रात्रीवर आधारलेला असून मोजणीची साधनेही सुधारली आहेत, म्हणून एवढ्यावरून हवामानबदल सिद्ध झाला असे मानू नये, असा इशारा त्या खात्यानेच दिला. हवामानबदलाचा पुरावा अन्यत्र भरपूर आहे. म्हणूनच कच्चा पुरावा पुढे करण्याची गरज नाही.

बागवानाची वही

मग हौशी बागवानाच्या निरीक्षणास काहीच मोल नाही काय? अवश्य आहे, मात्र ते वहीत उतरले पाहिजे. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम ह्या जमीनदाराने १७३६ पासून आपल्या परिसरातील झाडांस पालवी केव्हा फुटते, फुले केव्हा येतात, पक्षी केव्हा दिसतात, ह्यांच्या तारखा लिहून ठेविल्या. त्याच्या वंशजांनी हे काम १९५८ पर्यंत चालविले. तो कोणी व्यवसायाने शास्त्रज्ञ नव्हता. परंतु आज त्या वहीचा उपयोग शास्त्रज्ञ करतात. आपल्या बागवानांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. कमाल व किमान तापमान दाखविणारा तापमापक घ्यावा. तो भिंत व स्लॅब ह्यांपासून दूर, सावलीत, हवा खेळती राहील अशा ठिकाणी सुमारे चार फूट उंचीवर टांगावा. जागा बदलू नये.

२. दररोज ठरावीक वेळी दोन्ही आकडे व पाऊस लिहावा.

३. दरवर्षी त्याच झाडाचा पहिला मोहोर, पहिले फूल व पहिले फळ ह्यांच्या तारखा नोंदवाव्यात. जात, छाटणी, खत व पाणी ह्यांचीही नोंद ठेवावी. म्हणजे कारणांची सरमिसळ होणार नाही.

४. झाड बिघडल्यास प्रथम निचरा, मुळे, कीड, खत व कुंडीची जागा तपासावी. हवामानाकडे नंतर वळावे.

५. उन्हाळ्यात कुंड्या विटांवर ठेवाव्यात, बाहेरून पांढरा रंग द्यावा, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन करावे व पाणी सकाळी लवकर द्यावे.

शेवटी मंडळाने पत्रिका कशी छापली, हे सांगितले पाहिजे. तारखा पुसल्या नाहीत व जशाच्या तशा ठेविल्याही नाहीत. तारखेबरोबर अट घातली. गुलाबाच्या छाटणीपुढे “ऑक्टोबर, परंतु पाऊस पूर्ण उघडल्यावर” असे छापले. मटारापुढे “रात्री थंड होऊ लागल्यावर” असे आले. नव्या सभासदांच्या हाती पत्रिका वेळेवर पडली.

मुख्याध्यापकांचे मत एका बैठकीत पालटले नाही. ते म्हणाले, “दहा वर्षे मी स्वतः मोजीन, मग बोलेन.” तापमापकाची व वहीची जबाबदारी त्यांनीच घेतली, त्या भगिनींनी तापमापक आपल्या गच्चीवर लावू दिला. दहा वर्षांच्या एका गच्चीवरील नोंदींनी पृथ्वीच्या तापमानाचा निकाल लागणार नाही. तो निकाल शेकडो ठिकाणच्या शंभर वर्षांहून अधिक काळच्या नोंदींनी लावलेला आहे. परंतु आपल्या गच्चीवर टोमॅटो केव्हा लावावा, ह्याचे उत्तर मात्र त्या वहीतून निश्चित मिळेल. आपल्याही मंडळात असा वाद निघाल्यास वाचकांनी प्रथम एक तापमापक व एक वही आणावी, अशी आग्रहाची सूचना आहे.