कृत्रिम गोडी निर्धोक आहे काय ?



आजचा विषय ज्या वस्तूविषयीं आहे, ती चिमटीच्या टोकावर मावते. साखरेऐवजीं वापरावयाच्या कृत्रिम गोड द्रव्यांविषयीं अलीकडे बरेंच बोललें व लिहिलें जातें. कोणी म्हणतो, त्यांच्या योगानें कर्करोग होतो. कोणी म्हणतो, मधुमेह जडलेल्यास तींच तारक आहेत. या दोन टोकांच्या मध्यें सत्य कोठें आहे तें आपण पाहूं. आणि तें पाहतांना ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके डोळ्यांपुढें ठेवूं. शहरांतील सुशिक्षित मनुष्य हीं द्रव्यें बहुधा जाणूनबुजून, वेष्टनावरील अक्षरें वाचून घेतो. खेड्यांतील मनुष्याच्या, विशेषतः मुलांच्या, पोटांत तीं नकळत जाण्याचा संभव अधिक. म्हणून त्याचा विचार आधीं केला पाहिजे.

प्रथम हीं द्रव्यें कार्य कसें करतात तें पाहूं. आपल्या जिभेवर गोडीची वार्ता मेंदूकडे पोंचविणारीं सूक्ष्म स्थानें आहेत. साखरेचा रेणु त्या स्थानीं बसला कीं आपणांस गोड लागतें. पुढें तीच साखर पोटांत जाऊन तिच्या प्रत्येक ग्रॅमपासून सुमारें 4 उष्मांक मिळतात. कृत्रिम गोड द्रव्यें त्याच स्थानीं बसतात, परंतु फार थोड्या मात्रेंत आपलें काम करतात. ॲस्पार्टेम हें साखरेच्या सुमारें 200 पट, सॅकरीन 300 ते 500 पट, आणि सुक्रालोज सुमारें 600 पट गोड आहे. सॅकरीनचें शरीरांत पचन होत नाहीं. तें जसेंच्या तसें मूत्रावाटे बाहेर पडतें. जिभेला साखरेचा निरोप मिळतो, पण पाठोपाठ साखर कांहीं येत नाहीं.

या द्रव्यांतील सर्वांत जुनें तें सॅकरीन. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत प्राध्यापक आयरा रेम्सेन यांच्या प्रयोगशाळेंत कॉन्स्टन्टिन फालबर्ग हे डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत असतां त्यांना हा पदार्थ सांपडला, व 1879 सालीं त्या दोघांनीं तो प्रसिद्ध केला. डांबराच्या पोटीं जन्मलेली ही गोडी लोकांना आरंभापासूनच संशयास्पद वाटली. तथापि उगमावरून गुणदोष ठरवितां येत नाहींत. डांबरापासून औषधेंही निघालीं आहेत, आणि विषारी बिया सृष्टींतील सुंदर वेलींनाही येतात.

सॅकरीनच्या इतिहासांतील एक प्रकरण आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं अमेरिकेंत अन्नशुद्धीचा कायदा झाला, आणि सॅकरीन वापरूं द्यावें कीं नाहीं असा वाद उपस्थित झाला. सरकारनें शास्त्रज्ञांचें एक मंडळ नेमलें. योगायोग असा, कीं त्याचे अध्यक्ष स्वतः रेम्सेन हेच होते. दिवसास 0.3 ग्रॅमपर्यंत सॅकरीन घेतल्यानें अपाय होत नाहीं, असा मंडळाचा अभिप्राय पडला. तरीसुद्धां 1912 पासून सर्वसाधारण खाद्यपेयांत सॅकरीन घालण्यास सरकारनें मनाई केली. कारण असें देण्यांत आलें, कीं साखरेच्या जागीं सॅकरीन घातल्यानें अन्नाचें पोषणमूल्य कमी होतें, आणि म्हणून असें अन्न भेसळीचें समजावें. म्हणजे “हें विष आहे काय ?” हा एक प्रश्न झाला, “यानें अन्नांतून काय काढून घेतलें?” हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण पुढें वळूं. पहिल्याचा निकाल आधीं लावूं.

कर्करोगाची भीति मुख्यतः 1977 सालापासून पसरली. कॅनडांत उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, ज्यांच्या आहारांत शेंकडा 5 इतकें सॅकरीन होतें अशा नर उंदरांच्या मूत्राशयांत अर्बुदें आढळलीं. प्राण्यांत कर्करोग उत्पन्न करणारें कोणतेंही द्रव्य अन्नांत मिसळूं नये, असा अमेरिकेंत 1958 चा कायदा होता. त्यास अनुसरून बंदीचा प्रस्ताव आला. परंतु लोकांनीं विरोध केल्यामुळें ती बंदी स्थगित होऊन वेष्टनावर धोक्याची सूचना छापण्याची सक्ति तेवढी झाली. पुढील संशोधनांत असें दिसून आलें, कीं नर उंदराच्या मूत्राची घटनाच निराळी आहे. त्यांत सॅकरीनचें प्रमाण फार वाढलें म्हणजे बारीक स्फटिक जमतात, ते मूत्राशयाच्या अस्तरास घांसतात, आणि त्या सततच्या जखमेंतून अर्बुद वाढतें. मनुष्याच्या शरीरांत हा क्रम घडत नाहीं. म्हणून 2000 सालीं सॅकरीनचें नांव अमेरिकेच्या कर्करोगकारकांच्या यादींतून काढण्यांत आलें व ती सूचनाही रद्द झाली.

ॲस्पार्टेमची कथा याहून अलीकडची. 1965 सालीं जेम्स श्लॅटर या अमेरिकन रसायनज्ञास तें सांपडलें. पोटांत गेल्यावर त्याचें विघटन होऊन दोन ॲमिनो आम्लें व अल्पसें मेथेनॉल निर्माण होतें. त्यांपैकीं फेनिलॲलनिन हें आम्ल ज्यांच्या शरीरास जन्मतः पचवितां येत नाहीं, अशा थोड्या रुग्णांस तें खरोखरच अपायकारक आहे. म्हणून वेष्टनावर त्यांच्यासाठीं इशारा छापावा लागतो. 2023 च्या जुलैंत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ॲस्पार्टेमला “कदाचित् कर्करोगकारक” या वर्गांत घातलें, आणि जगभर खळबळ उडाली. परंतु हें वर्गीकरण पुराव्याच्या बळाचें असतें, धोक्याच्या आकाराचें नसतें. पुरावा मर्यादित आहे, आणखी शोध करावा, एवढाच त्याचा अर्थ. त्याच वेळीं त्याच संघटनेच्या अन्नद्रव्य-तज्ज्ञांनीं शरीराच्या प्रत्येक किलो वजनास दिवसाकांठीं 40 मिलिग्रॅम ही जुनी मर्यादा कायम ठेविली. सत्तर किलो वजनाच्या मनुष्यास ती ओलांडावयाची, तर साखरविरहित पेयाचे नऊ ते चौदा डबे रोज प्यावे लागतील.

मग सारें निर्धोकच म्हणावें काय ? तसेंही म्हणतां येत नाहीं. 2014 सालीं इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनीं दाखविलें, कीं सॅकरीनमुळें उंदरांच्या आंतड्यांतील जंतूंत पालट होऊन साखर पचविण्याची शक्ति बिघडूं शकते. फ्रान्समध्यें एक लक्षाहून अधिक प्रौढांच्या आहाराची नोंद ठेवून 2022 सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत हीं द्रव्यें अधिक घेणारांत कर्करोग व हृद्रोग किंचित् अधिक दिसले. परंतु जाड्या किंवा आजारी माणसेंच अशीं द्रव्यें अधिक घेतात. तेव्हां रोग आधीं कीं गोडी आधीं, हें अशा नोंदींवरून निश्चित होत नाहीं. 2023 च्या मे महिन्यांत जागतिक आरोग्य संघटनेनें एवढाच सल्ला दिला, कीं वजन उतरविण्याचें साधन म्हणून हीं द्रव्यें वापरूं नयेत, कारण दीर्घ काळांत तसा लाभ होत असल्याचें दिसत नाहीं. हा सल्ला आधींच मधुमेह असलेल्यांस उद्देशून नव्हता, हेंही लक्षांत ठेवावें.

सारांश, मर्यादेंत घेतलेली गोळी विष नव्हे. परंतु “मर्यादेंत” या शब्दावर सर्व भिस्त आहे. आणि येथेंच आपणांस शहापूर-मुरबाडकडे वळावयाचें आहे.

पौषी पौर्णिमेस मुरबाड तालुक्यांत म्हसा येथें मोठी जत्रा भरते. गुरांचा बाजार, घोंगड्यांचीं दुकानें, आणि मुलांसाठीं सरबतें, बर्फाचे गोळे, रंगीत मिठाई. शहापूर, किन्हवली, खर्डी येथील बाजारांतही उन्हाळ्यांत थंड गोड पदार्थांची मुलांना ओढ असतेच. यांतील अमुक विक्रेता सॅकरीन वापरतो, असा आरोप मी करीत नाहीं. पण व्यापाराचा हिशेब समजून घ्यावा. लिटरभर सरबतास 100 ग्रॅम साखर लागते असें धरा. सॅकरीन 400 पट गोड धरलें, तर तेंच काम 250 मिलिग्रॅममध्यें होतें. साखरेच्या पोत्याची जागा लहानशी पुडी घेऊं शकत असतां मोह किती मोठा असेल, हें सांगावयास नको.

आतां मुलाकडून हिशेब करूं. तज्ज्ञांनीं 1993 सालीं सॅकरीनची दैनिक मर्यादा दर किलो वजनास 5 मिलिग्रॅम ठरविली. पंधरा किलो वजनाच्या मुलास ती 75 मिलिग्रॅम होते. वरील सरबत त्यानें 300 मिलिलिटर, म्हणजे दीड पेला घेतलें, कीं मर्यादा भरली. मोठ्या मनुष्यास जो डोस नगण्य, तो हाडकुळ्या पोरास पुरा होतो. ही मर्यादा आयुष्यभर रोज घेण्याच्या हिशेबानें व पुष्कळ सावधगिरी राखून ठरविलेली असते. एखादे दिवशीं ती ओलांडल्यानें मूल दगावत नाहीं. तरी आपल्या मुलाच्या पोटांत काय गेलें, हें जाणण्याचा आईबापांस हक्क आहे. आपल्याकडील कायदा ठराविक पदार्थांत, ठराविक प्रमाणांत व नांव छापूनच हीं द्रव्यें घालूं देतो. सोड्यासारख्या वायुमिश्रित पेयांस 2011 च्या नियमांत सॅकरीनची मर्यादा दर लिटरास 100 मिलिग्रॅम अशी घातली गेली. पण हातगाडीवरील गोळ्यास वेष्टन नाहीं, आणि ज्यास वेष्टन नाहीं त्यावर नांव कोठें छापणार ?

याहून मोठी गोष्ट पोषणाची. या तालुक्यांतील कातकरी, ठाकर, महादेव कोळी यांच्या पाड्यांवर कुपोषणाचा प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं. ज्या मुलाच्या हातीं दिवसाकांठीं चार पैसे खाऊला येतात, त्यानें ते रंगीत गोड पाण्यावर घालविले, तर साखरेच्या सरबतांतून निदान कांहीं उष्मांक तरी मिळाले असते. कृत्रिम गोडींतून तेही मिळत नाहींत. साखर हें कांहीं आदर्श अन्न नव्हे. परंतु शहरांतील स्थूल मनुष्यास जो गुण, तोच उपाशी मुलास अवगुण ठरतो. रानांतील वाळविलेलीं मोहाचीं फुलें, करवंदें, जांभळें, गूळ-शेंगदाणे यांत गोडीबरोबर अन्नही आहे. अमेरिकन सरकारनें 1912 सालीं जें कारण दिलें, त्याचा अर्थ बाल्टिमोरपेक्षां आपल्या पाड्यांवर अधिक चांगला कळतो.

आणखी एक प्रसंग असा, कीं तेथें ही चूक प्राणावर बेतूं शकते. शहापूर तालुक्याच्या परिसरांतील तानसा-भातसा जलाशयांचें पाणी मुंबईस जातें, आणि त्याच तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. मिळेल तें पाणी प्यावें लागलें कीं मुलांना हगवण लागते. अशा वेळीं साखर-मिठाचें पाणी हें जीवनदायी औषध आहे. 1971 सालीं बनगांव येथील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं त्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग करून असंख्य पटकीचे रोगी वांचविले. त्याचें मर्म असें, कीं आंतड्याची भिंत ग्लुकोज आंत घेतांना त्याच्या सोबत मीठ घेते, आणि मिठामागोमाग पाणी शिरतें. सॅकरीनला हें काम येत नाहीं. जीभ फसते, आंतडें फसत नाहीं. म्हणून हगवण लागलेल्या मुलास रंगीत थंड पेय पाजूं नये, आणि साखरेऐवजीं गोड गोळी तर मुळींच विरघळवूं नये. आरोग्य केंद्रांतून मिळणारी क्षारसंजीवनीची पुडी द्यावी. ती जवळ नसल्यास एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडें थोडें पाजावें, आणि मूल मलूल दिसतांच दवाखाना गांठावा.

मधुमेह्यांसाठीं दोन शब्द. हा रोग आतां केवळ शहरी राहिलेला नाहीं. ज्यास तो आहे, त्यानें वैद्याच्या सल्ल्यानें चहांत एखाददुसरी गोळी घातली, तर भिण्याचें कारण नाहीं. मात्र गोळी हें औषध नव्हे. ती घेतो म्हणून खरें औषध सोडूं नये. “साखरविरहित” बिस्किटांत मैदा असतोच, आणि मैद्याचीही अखेर रक्तांत साखरच होते. साखर वर्ज्य करून गूळ मनमुराद खाणारे पुष्कळ भेटतात. मधुमेहांत गूळ साखरेचा सख्खा भाऊच आहे. याहून बरा मार्ग म्हणजे चहांतील गोडी आठवड्यागणिक थोडी थोडी कमी करीत जाणें. जीभ सवयीची बांधलेली आहे. जशी ती चढते, तशी उतरतेही.

वेष्टन वाचणारांसाठीं एक खूण सांगून ठेवतों. घटकद्रव्यांच्या यादींत 950 हा अंक असिसल्फेम पोटॅशियमचा, 951 ॲस्पार्टेमचा, 954 सॅकरीनचा, 955 सुक्रालोजचा, आणि 960 स्टीव्हिया वनस्पतीच्या अर्काचा. शाळेंतील मुलांना हे पांच अंक सहज पाठ होतील, आणि अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तीं मुलें ते वाचून दाखवितील. जेथें वेष्टनच नाहीं, तेथें जिभेला विचारावें. गोडी ओसरल्यावर मागें कडवट, धातूसारखी चव रेंगाळली, तर सॅकरीनचा संशय घेण्यास जागा आहे, मग विक्रेत्यास “यांत साखर किती?” असें मोकळेपणानें विचारावें, आणि उत्तर समाधानकारक न मिळाल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

कृत्रिम गोडीनें लगेच मरण येतें असें भय बाळगूं नये, आणि तिनें आरोग्य लाभतें अशी आशाही धरूं नये. ज्यास साखर वर्ज्य आहे, त्याची ती एक सोय आहे. ज्या मुलास अन्नच कमी पडतें, त्याच्या पेल्यांत मात्र ती कोणीं, किती आणि त्यास न सांगतां कां घातली, हें विचारणें आपणां मोठ्यांचें काम आहे.