उधाण आणि भांग : मार्वे येथील खाडीमुखाच्या निमित्ताने एक शब्दविचार

समुद्राच्या काठासाठी प्रमाण मराठीत ‘किनारा’ हा सर्वसामान्य शब्द आहे. मुंबईच्या बोलण्यात ‘चौपाटी’ हा शब्दही जवळजवळ त्याच अर्थाने रूढ झाला आहे. दोन्ही शब्द काठाचा निर्देश करतात. काठाशी असलेल्या पाण्याविषयी ते काहीच सांगत नाहीत. खुल्या समुद्रावर ही उणीव फारशी जाणवत नाही, कारण तेथे लाट स्वतःच पाहणाऱ्यास सावध करते. खाडीच्या मुखाशी मात्र स्थिती निराळी असते.

चारकोपच्या पश्चिमेस तिवरांचे रान असून त्यापलीकडे मनोरीची खाडी आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये हाती घेतलेल्या नागरी विकास प्रकल्पात येथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी भूखंड आखण्यात आले. या वस्तीस सहज जाता येण्याजोगा समुद्रकाठ म्हणजे मार्वे. तो खाडीच्या मुखाशी आहे. समोर मनोरी दिसते आणि मधले पाणी तरीने ओलांडतात. डोंगरातून येणाऱ्या दहिसर व पोयसर या नद्यांचे पाणी याच खाडीक्षेत्रात उतरते. बाहेरच्या लाटांचा जोर येथवर पोचेतो ओसरतो. म्हणून आक्सा वा जुहू येथील पाण्यापेक्षा मार्वे येथील पाणी शांत भासते.

परंतु ‘शांत’ हे विशेषण येथे केवळ पाण्याच्या पृष्ठभागास लागू पडते. भरतीत खाडीभर पसरलेले पाणी ओहोटीच्या वेळी त्याच मुखातून बाहेर पडावयाचे असते. पावसाळ्यात त्यात नद्यांच्या पाण्याची भर पडते. लाट नसतानाही पाणी वेगाने समुद्राकडे धावत असते. या अवस्थेस मराठीत ‘पाण्याला ओढ आहे’ असे म्हणतात. लाट डोळ्यांना दिसते; ओढ पाय पाण्यात गेल्यावरच कळते.

ओढ कोणत्या दिवशी अधिक, हे सांगण्यासाठी किनाऱ्यावरील मराठीत एक शब्दयुग्म आहे. अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास भरती उंच चढते आणि ओहोटी दूरवर जाते, ते ‘उधाण’. अष्टमीच्या सुमारास दोहोंतील अंतर कमी होते, तो ‘भांग’. वेळ सांगणारा नियमही तिथीशीच जोडलेला आहे. पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता बारानंतर किती तासांनी भरती पूर्ण होईल, हे मिळते. चतुर्थीस तीन वाजता व अष्टमीस सहा वाजता पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरतीची वेळ प्रत्यक्षात दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि नियम ४५ मिनिटे धरतो. म्हणून तो स्थूल मानावयाचा. तथापि मुंबईच्या किनाऱ्यावर तो व्यवहारास पुरतो.

या युग्मातील दोन शब्दांची नागर भाषेतील गती मात्र सारखी नाही. ‘उधाण’ लक्षणेने टिकला आहे. आनंदाला, उत्साहाला उधाण येते. ‘भांग’ या शब्दास तसा लाक्षणिक अर्थ लाभला नाही. शहरातील वाचकास त्यावरून केसांतील रेषा किंवा मादक वनस्पती एवढेच आठवते. एक शब्द असा मागे पडला की दुसऱ्याचा मूळ अर्थही सैल होतो. कारण भांगाशी असलेल्या विरोधानेच उधाणाचे मोजमाप होत असते. ‘ओहोटी लागणे’, ‘ओढ लागणे’ हे प्रयोग रोज करणाऱ्यास खऱ्या पाण्याची ओहोटी केव्हा लागते, हे ठाऊक असतेच असे नाही.

हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. १६ जुलै २०२३ रोजी मार्वे येथे पाच मुले पाण्यात ओढली गेली. दोघांना वाचविण्यात आले, तिघे दगावले. दुसऱ्या दिवशी सोमवती अमावास्या होती. म्हणजे दिवस उधाणाचे होते. केवळ शब्द ठाऊक असल्याने अपघात टळतातच, असे म्हणता येणार नाही. परंतु ‘किनारा शांत आहे’ या वाक्यात जी माहिती नाही, ती ‘आज उधाण आहे, भरती साडेदहाला’ या वाक्यात आहे. सूचनाफलकांवर आणि क्रमिक पुस्तकांत दुसऱ्या प्रकारचे वाक्य येणे, हाच या शब्दांच्या जतनाचा सर्वांत उपयुक्त मार्ग होय.