दगडफुलावरचा पतंग

आंबोलीच्या जंगलात हा पतंग दिवसा शोधायला निघणं म्हणजे मानेला विनाकारण शिक्षा. झाडाच्या खोडावर करडं-पांढरट दगडफूल पसरलेलं असतं आणि त्यातलाच एक डाग म्हणजे तो, पंख मिटून जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. रात्री पांढरा पडदा टांगून दिवा लावला की मात्र काम सोपं होतं. कापडावर त्याचं सोंग चालत नाही.

मोठे, रंगीत पतंग आले की सगळे कॅमेरे तिकडे वळतात. नोलिडी कुळातला हा बारका जीव कडेला बसून राहतो. भिंगाखाली पाहिलं तर पुढच्या पंखावर, वरच्या कडेजवळ उभ्या खवल्यांचे छोटे झुबके दिसतात. उजेड बाजूनं, तिरका टाकावा; समोरून फ्लॅश मारला की झुबक्यांची सावलीच पडत नाही आणि सगळ्यात मोलाची खूण फोटोतून जाते. पतंग जुना असेल तर झुबके झडलेले असतात. मग डोक्यापुढे आलेली सोंडेसारखी स्पर्शांगं बघायची. पण तशी ती पायरॅलिडी कुळातल्या पतंगांनाही असतात. त्यांचे कान पोटाच्या बुडाशी असतात, नोलिडींचे छातीवर. फरक पक्का आहे, फक्त पडद्यावर बसलेल्या पतंगात तो दिसत नाही.

पुस्तकं उघडावीत तर घोळ वाढतो. जॉर्ज हॅम्पसन निलगिरीत चहाचा मळेवाला म्हणून आला आणि पतंगांत रमला. त्याचे भारतीय पतंगांवरचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले. आजही त्यांच्यावाचून अडतं. मात्र १९०० सालच्या त्याच्या सूचीत नोला मंडळी 'आर्क्टिइडी' कुळात बसवलेली आहेत. आज त्यांचं कुळ स्वतंत्र आहे.

प्रजातीपर्यंत जायचं तर बहुधा पतंगाचं पोट कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवून जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात. त्यासाठी नमुना हवा, आणि नमुना गोळा करायला वनखात्याची परवानगी. हौशी माणसानं त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी एक करा. वरून आणि बाजूनं, असे दोन फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरा, तारीख आणि ठिकाण लिहा. नावापुढे 'नोलिडी' एवढंच लिहून प्रजातीची जागा खुशाल कोरी सोडा.