दाताचा एक्स-रे खरंच गरजेचा आहे का? आरव्हीजी, ओपीजी आणि सीबीसीटी समजून घ्या

दाढ दुखतेय म्हणून गेलात आणि डॉक्टर म्हणाले, "एक्स-रे काढू." मग मनात येतं, रेडिएशनचं काय? आणि गरज आहे का? माझं उत्तर सोपं आहे: एक्स-रे आधी तोंड तपासून मगच ठरायला हवा, सरसकट सगळ्यांचा नाही.

कोणता कशासाठी?

- आरव्हीजी: तोंडात छोटा सेन्सर ठेवून एक-दोन दातांचा फोटो. दोन दातांमधली कीड, मुळाशी पू, रूट कॅनाल यासाठी. डोस साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट किंवा कमी.
- ओपीजी: मशीन डोक्याभोवती फिरतं, पूर्ण जबडा एका फोटोत. अक्कलदाढ किंवा ब्रेसेससाठी. साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट. बारीक कीड यात नीट दिसत नाही.
- सीबीसीटी: थ्रीडी स्कॅन. इम्प्लांट किंवा नसेला चिकटलेली अक्कलदाढ असेल तर. डोस शेकड्यांत जाऊ शकतो, म्हणून साध्या फोटोने काम भागत नसेल तरच.

तुलनेसाठी, निसर्गातून आपल्याला रोज सरासरी ६-७ मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एका आरव्हीजीला घाबरायचं कारण नाही. पण कारण नसताना तोही नको.

दर सहा महिन्यांनी काढायचा का?

सगळ्यांनी नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशन आणि एफडीए यांच्या २०१२ च्या शिफारशींप्रमाणे, कीड नसलेल्या आणि धोका कमी असलेल्या प्रौढांना कीड शोधणारे बाइटविंग एक्स-रे २४ ते ३६ महिन्यांनी पुरतात. कीड असेल किंवा धोका जास्त असेल तर ६ ते १८ महिन्यांनी. प्रेग्नन्सी असेल तर आधीच सांगा. गरज असेल तर तेव्हाही एक्स-रे काढता येतो.

डॉक्टरांना हे विचारा

१. यात नेमकं काय शोधताय?
२. रिपोर्टमुळे उपचार बदलणार आहे का?
३. जुना एक्स-रे चालेल का?

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण जुनी फाईल हाताशी नसली की तोच एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. स्क्रीनचा फोटो काढू नका, मूळ फाईल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून घ्या, फोटो म्हणून पाठवला की क्वालिटी घसरते. सीबीसीटीची फाईल मोठी असते, ती डायकॉम फॉरमॅटमध्ये पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने घ्या. फाईलच्या नावात तारीख टाका आणि ड्राइव्हवर बॅकअप ठेवा. डेंटिस्ट बदलला तरी तुमची हिस्टरी तुमच्या खिशात राहील.