दुसरा कॉम्प्युटर पिशवीत नको

तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रांदे बेटापाशी हौसेखातर एकदा स्कूबा करणाऱ्याला डाइव्ह कॉम्प्युटर लागत नाही. खोली बेताची, वेळ थोडा, आणि प्रशिक्षक शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. प्रश्न उभा राहतो तो रीतसर शिकून प्रमाणपत्र घेतलेल्यांपुढे. अंदमानात स्वराज द्वीपावर किंवा मालदीवमध्ये चार-पाच दिवस राहायचे, रोज दोन-तीन डाइव्ह करायच्या आणि मनगटावर स्वतःचे यंत्र हवे, अशी वेळ आली की खरेदीचा विचार सुरू होतो. अशा वेळी सहसा मिळणारा सल्ला असा: मुख्य कॉम्प्युटर झेपेल तेवढा महागडा घ्या आणि उरलेल्या पैशांत एखादा स्वस्तातला पिशवीत टाकून ठेवा, अडीअडचणीला उपयोगी पडेल. खिसा मोठा असेल त्याने तसे जरूर करावे. पण ज्याला हात आखडता घ्यावा लागतो, त्याच्यासाठी हा सल्ला दोन्ही अंगांनी चुकीचा आहे. त्याने दोन साधे कॉम्प्युटर घ्यावेत, दोन्ही एकाच गणितावर चालणारे असावेत, आणि दोन्ही प्रत्येक डाइव्हला पाण्यात उतरावेत.

असे का, हे कळायला हे यंत्र नेमके काय करते ते पाहावे लागेल. खोली आणि वेळ तर साधे मापकही दाखवते. कॉम्प्युटरचे खरे काम हिशेब ठेवण्याचे. दर 10 मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन त्या प्रमाणात रक्तात व ऊतींत विरघळत जातो. वर येताना तो सावकाश बाहेर पडला पाहिजे; घाई झाली तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत काहीही होऊ शकते. जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये याचे पहिले विश्वासार्ह कोष्टक मांडले. शरीरातले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने नायट्रोजन शोषतात आणि सोडतात, ही त्याची कल्पना. त्याने पाच गती धरल्या. पुढे झुरिचच्या अल्बर्ट ब्यूलमान यांनी त्या सोळापर्यंत नेल्या, आणि आज बाजारातल्या बऱ्याच कॉम्प्युटरांत त्यांचेच गणित चालते. त्यांतल्या सर्वांत संथ भागांना तर रिकामे व्हायला दिवस लागतात. म्हणून कॉम्प्युटरची खतावणी एका डाइव्हपुरती नसते. कालची बाकी आज पुढे ओढली जाते, आणि आजच्या दुसऱ्या डाइव्हला किती वेळ मिळणार हे सकाळच्या पहिल्या डाइव्हवर ठरते.

आता कॉम्प्युटर पाण्यात बंद पडला असे समजा. डेकोची सक्ती नसलेल्या, म्हणजे केव्हाही थेट वर येता येईल अशा मर्यादेतल्या डाइव्हवर हा जिवावरचा प्रसंग नसतो. सोबत्याला खूण करायची, मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने न जाता वर यायचे, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबायचे आणि डाइव्ह संपवायची. सुटका या सवयींनीच होते, दुसरा कॉम्प्युटर असो वा नसो. बुडते ती खतावणी. पिशवीतला राखीव कॉम्प्युटर बाहेर काढाल, तर त्याच्या लेखी तुम्ही गेल्या तीन दिवसांत पाण्याला शिवलाच नाहीत. तो खुशाल भरपूर वेळ देईल, आणि तोच धोका. प्रामाणिकपणे वागायचे तर निदान एक अख्खा दिवस कोरडे बसून मग त्याच्यावर विसंबावे लागते. विमान, बोट, हॉटेल असा खर्च करून गेलेल्याचा एक दिवस म्हणजे दोन-तीन डाइव्ह पाण्यात. भाड्याच्या यंत्राची गत याहून विचित्र: काल ते ज्याच्या मनगटावर होते त्याचा नायट्रोजन त्याच्या हिशेबात असतो, तुमचा नसतो. म्हणून राखीव यंत्राला किंमत येते ती पहिल्या डाइव्हपासून ते अंगावर असेल तरच.

दोन्ही सोबत उतरवायचे म्हटले की त्यांचे गणित जुळण्याचा प्रश्न येतो, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच. सगळे कॉम्प्युटर एकसारखा वेळ देत नाहीत. सुंटो आणि क्रेसी यांच्या स्वस्त यंत्रांत आरजीबीएम या पद्धतीची त्यांची त्यांची आवृत्ती असते. शेअरवॉटरच्या पेरेग्रीनमध्ये ब्यूलमान असतो आणि तो किती कडक ठेवायचा हे आपल्याला ठरवता येते. समजा, पेरेग्रीन सैल ठेवून तो मुख्य मानला आणि दुसऱ्या हाताला सुंटोचा झूप नोव्हो बांधला. दिवसाच्या तिसऱ्या डाइव्हवर पेरेग्रीन अजून मोकळीक दाखवत असताना झूप थांबा घ्यायला सांगू लागतो. तुम्ही मुख्य यंत्राचे ऐकून वर आलात, तर झूपच्या दृष्टीने नियम मोडला गेला आणि तो 48 तास गणित करणे बंद करतो. म्हणजे राखीव यंत्र नेमके राखीव म्हणून निकामी झाले, तेही पैसे मोजून. त्याचे ऐकायचे ठरवले, तर महाग यंत्राची मोकळीक हवी कशाला? नुसत्या कंपनीच्या नावावरही जाऊ नये. मारेसचा जुना पक प्रो आरजीबीएमवर चालतो आणि नवा पक 4 ब्यूलमानवर. डबीवरचे घराणे एक, पण हिशेब वेगळे.

यावर पहिला आक्षेप असा की एकाच जातीची दोन यंत्रे एकाच कारणाने बिघडतील. विमानाच्या बाबतीत हा विचार मोलाचा असेल. पण मनगटावरचा कॉम्प्युटर साधारणपणे गणित चुकून दगा देत नाही. बॅटरी संपते, झाकणाच्या रबरी कड्यातून पाणी शिरते, पट्टा तुटतो किंवा यंत्र हॉटेलच्या खोलीवरच विसरते. ही संकटे दोन यंत्रांवर एकाच दिवशी यायला फारच वाईट नशीब लागते, आणि दोन्हींतल्या बॅटऱ्या मुद्दाम वेगवेगळ्या वेळी बदलल्या तर तीही शक्यता आणखी घटते. दुसरा आक्षेप सोबत्याचा: त्याच्याकडे कॉम्प्युटर आहेच की. आहे, पण तो त्याच्या शरीराचा. तो तुमच्यापेक्षा तीन मीटर वर राहिला असेल, सकाळची डाइव्ह त्याने टाळली असेल. त्याचा हिशेब तुम्हाला लागू कसा पडणार? तिसरा आक्षेप जुन्या शिस्तीच्या लोकांचा, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो: साधे खोलीमापक, घड्याळ आणि छापील कोष्टक पुरे. कोष्टक कधीच बंद पडत नाही, हे खरेच. अडचण अशी की कोष्टक सगळी डाइव्ह सर्वांत खोल जागी घालवली असे धरते. पाडी या प्रशिक्षण संस्थेच्या कोष्टकात 18 मीटरला 56 मिनिटे मिळतात, 30 मीटरला फक्त 20. तुम्ही पाच मिनिटे 30 मीटरला जाऊन उरलेला वेळ 12 मीटरवरच्या प्रवाळात काढलात, तरी कोष्टक 20 मिनिटांवरच बोट ठेवते. कॉम्प्युटरच्या भरवशावर केलेली बहुतेक डाइव्ह कोष्टकात बसतच नाही, त्यामुळे मधूनच कोष्टकाकडे वळण्याची वाट बंद असते. सुरुवातीपासून कोष्टकानेच डाइव्ह करणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला या लेखाची गरज नाही.

मग पैसे कशावर घालायचे? सर्वांत आधी स्वतःला बदलता येणाऱ्या बॅटरीवर. क्रेसीचा लिओनार्दो, मारेसचा पक प्रो, सुंटोचा झूप नोव्हो या तिन्हींत नाण्यासारखी चपटी बॅटरी घरी बसवता येते. मात्र ती 2430 किंवा 2450 मापाची असते, रिमोटमध्ये सर्रास असणारी 2032 नव्हे. त्यामुळे बेटावरच्या दुकानाच्या भरवशावर न राहता रबरी कड्यासह जोडीला एक न्यावी. त्यानंतर मोठ्या आकड्यांवर, कारण डोळ्यांना चाळिशी लागलेल्यांना मुखवट्यातून घड्याळाएवढ्या पडद्यावरचे अंक दिसत नाहीत. आणि या स्वस्त, थोराड यंत्रांचे आकडे कित्येकदा देखण्या घड्याळी कॉम्प्युटरांपेक्षा ठळक असतात. नायट्रॉक्सची, म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेची, सोय आता तळाच्या किमतीतही मिळते, तिच्यासाठी जास्त मोजू नये. सिलिंडरचा दाब बिनतारी दाखवणारा ट्रान्समीटर, रंगीत पडदा, होकायंत्र, फोनशी जोडणी या गोष्टी सुखाच्या आहेत, पण त्यांतली एकही तुमच्या नायट्रोजनचा हिशेब अधिक अचूक करत नाही. दाब बघायला नळीचा साधा काटा पुरतो. लिओनार्दो किंवा पक यांना एकच बटण असते आणि मांडणी बदलताना ते दाबून दाबून जीव मेटाकुटीला येतो, ही खोट मात्र मान्य केली पाहिजे.

वर्षाकाठी दोन दिवस आणि दोन-चार डाइव्ह एवढाच ज्याचा व्याप आहे, त्याला दुसऱ्या यंत्राची गरज नाही. बिघडले तर एक दिवस किनाऱ्यावर बसावे. शेवटचा दिवस तर तसाही कोरडाच जातो, कारण डॅन या संस्थेच्या सूचनेप्रमाणे अनेक डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात. बाकीच्यांनी एकाच वेळी दोन घेतलेच पाहिजेत असेही नाही. आधी एक साधा घ्यावा, पुढच्या हंगामात त्याच गणिताचा दुसरा, चालेल तर वापरलेलाही. आणि कधी ऐपत वाढून महाग यंत्र आलेच, तर जुने दुसऱ्या मनगटावर ठेवावे आणि नव्याचा कडकपणा वाढवावा, इतका की दिवसाच्या शेवटच्या डाइव्हवरही जुन्याआधी नव्याचा वेळ संपेल. ही जुळणी पाण्याबाहेर, सहलीच्या पहिल्या दिवसाआधी करायची. मधल्या दिवशी मुख्य यंत्र बदलायचे नाही.